शोकेसमधली क्रॅनबेरी

आई, आज इथं ओमानात, सोहारच्या दुकानात ती बाटली परत दिसली आणि मी उगाच हातात घेऊन उभा राहिलो. आत लाल रस, वर चित्र. शेतात पाणी भरलंय, त्यावर तांबडी फळं तरंगतायत आणि कमरेएवढ्या पाण्यात माणसं उभी. आपल्या भाताच्या मळ्यात कुणी अर्धी पिकलेली लाल करवंदं ओतावीत तसं. क्रॅनबेरी. थंडीच्या मुलखात होते, इथं वाळवंटात काचेतून येते. तिचीच भाऊबंद ती ब्लूबेरी, पूर्वी मी कामाला होतो त्या दुक्मच्या मेसमध्ये गोरे इंजिनीअर केकमधून खायचे. मीही एकदा मूठभर उचलली, जीभ जांभळी झाली आणि कुकनं पकडलं. पण ते राहू दे.

या रसाचं मला दुक्मलाच कळलं. उन्हात पाणी कमी पिऊन आमची पोरं बेजार व्हायची. कॅम्पमधला मल्याळी नर्स ओरडायचा, "पेशाब में जलन है तो पहले डॉक्टर, फिर पानी! ये जूस दवा नहीं है, दोबारा होने से थोड़ा बचाता है, बस." आम्ही हसायचो. "यल्ला, तेरा नल चालू हुआ क्या?" असं अरबी-हिंदी मिसळून एकमेकांना चिडवायचो. आणि सुट्टीवर निघायच्या आधी ताईचा फोन आला, "आवशीक परत जळजळता हा. डॉक्टराकडे येवक तयार नाय, लाज वाटता म्हणता. माझा ऐकणा नाय. इलस काय तूच सांग तिका."

बाटली मी लुंगीत गुंडाळून आणली. घरापुढच्या खळ्यात शेजारणी जमलेल्या. तू ती उजेडात धरलीस.

"ह्या काय रे? कशाक?"

"सरबत."

"दुबयचा?"

"मस्कतचा गो."

"एकच ता!"

तू ती शोकेसमध्ये ठेवतेस, अत्तराच्या शेजारी. कुणी आलं की छोट्या कपातून घोटभर. "घेवा, झिलान हाडल्यान हा," माझ्याकडे बोट दाखवत म्हणतेस. आंबट लागून बायका डोळे मिटतात, तू खूश. मी रोज ठरवतो, आज सांगू, डॉक्टरकडे चल म्हणू. आणि रोज मित्राची बाईक घेऊन सुटतो, कधी देवगडला, कधी नुसताच पेट्रोल संपेपर्यंत. सुट्टी खलास. शेवटी तू रिकामी बाटली पाण्यानं विसळलीस आणि ते गुलाबी पाणी प्यायलीस. "कोकमासारख्या लागता," म्हणालीस. तेवढंच तुझ्या वाट्याला. मग त्यात खोबरेल भरलंस.

पुढं ताईनंच तुला डॉक्टरकडे ओढत नेलं. तू गेलीस ती फार नंतर, हृदयाच्या दुखण्यानं, त्याचा याच्याशी संबंध नव्हता. पण तेव्हा तू कळ काढत पाहुण्यांना रस वाढत होतीस आणि मी समोर बसून बघत होतो. मला सगळं माहीत आहे, हे तुला शेवटपर्यंत कळलं नाही.

हे पत्र कुठं टाकणार? खिशात राहील आणि धुण्यात जाईल. आता वरून एकदा वाचलं. नर्सचा 'पेशाब' हा हिंदी शब्द मी बिनदिक्कत लिहून गेलोय. आपल्या भाषेतला तोच शब्द पत्रात कुठंच नाही. तुझ्यापुढं मी अजून सरबतच म्हणतोय.