काश्यप गोत्राचे उंदीर

अमरावती,
१६ ऑक्टोबर १९६६

प्रिय चारू,

एरवी मी 'चिरंजीव' लिहितो. आज 'प्रिय' लिहिलेलं बघून तुझ्या आईने भुवया उंचावल्या. म्हटलं, लेक परदेशी मासिकात छापून आली, आता जरा मानाने लिहावं. मुंबईच्या प्रयोगशाळेतल्या नोकरीचा राजीनामा दिवाळीपर्यंत देणार नाहीस, असं कबूल केलं आहेस. त्याआधी हे पत्र पोचावं, म्हणून घाईने लिहितो आहे.

तुझा निबंध पोचला. इंग्रजीपुढे माझं काही चालत नाही, म्हणून कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या उद्धवरावांकडे घेऊन गेलो. त्यांनी चहावर चहा पाजून समजावलं. ज्या उंदराने अंगातली कर्करोगाची गाठ स्वतःच जिरवली, त्याच्या पांढऱ्या पेशी गाठ असलेल्या दुसऱ्या उंदराला द्यायच्या. मग त्याचीही गाठ ओसरू लागते. सगळ्यांची नाही, पण बऱ्याच जणांची. माणसापर्यंत पोचायला अजून फार वर्षं लागतील, हेही त्यांनी बजावलं. म्हणजे एकाने पाठ केलेलं दुसऱ्याला संथा देऊन शिकवायचं! आम्ही भिक्षुक दुसरं काय करतो? मला फार आनंद झाला गं. घरी येईपर्यंत वाटेत भेटेल त्याला थांबवून सांगत होतो.

वरूडचे आपले यजमान खुशालराव श्राद्धाचं सांगायला आले, त्यांनाही सोडलं नाही. ते म्हणाले, "महाराज, आमी उंदरानं हैरान होऊन राह्यलो, अन् तुमची पोरगी त्याईलेच औषध देऊन राह्यली?" खूप हसलो दोघंही. मग त्यांनी हळूच विचारलं, "माह्या मायले हेच झालं होतं. तवा हे असतं त वाचली असती का?" मी खरं तेच सांगितलं, की नाही, माणसांसाठी अजून काही नाही. जाताना ते म्हणाले, "पोरीले सांगा, सोडू नको म्हणा." त्यांना काय ठाऊक, तू सोडायच्याच बेतात आहेस ते!

गणपतीत तू आलीस तेव्हाच माझ्या लक्षात आलं होतं. हसलीस, बोललीस, पण मोदकाला हात लावला नाहीस. बडनेऱ्याच्या फलाटावर शेवटी बोललीस, की पेशी काढायच्या तर त्या जगलेल्या उंदराची प्लीहा काढावी लागते. गाठीशी झुंजून जो वाचला त्यालाच मी मारते, अण्णा, याचं पाप लागतं का? गावाला पापपुण्य सांगून पोट भरणारा मी, गाडी सुटताना काय म्हणालो, तर तब्येतीला जप. परतताना टांग्यात माझाच मला राग आला.

परवा सर्वपित्री अमावस्या झाली. नेहमीसारखा तर्पणाला बसलो. आपल्या पिढ्या झाल्या, आजोळ झालं, गुरू झाले, ज्यांना पाणी द्यायला कोणी नाही तेही झाले. मग हातात तीळ घेऊन तसाच थांबलो. पाण्याला नाव-गोत्र लागतं. तुझ्या उंदरांना नाव कुठलं? पण ज्याचं गोत्र ठाऊक नाही त्याला काश्यप म्हणावं, ही सोय जुन्या लोकांनी करून ठेवलीच आहे. तेव्हा काश्यप गोत्राचे, मुंबईस चारूच्या हातून गेलेले, असं सरळ मराठीत म्हटलं आणि ओंजळ सोडली. तुझी आई बघत होती. मला वाटलं, आता बोलणी बसणार. ती उठली आणि स्वयंपाकघरातला उंदरांचा पिंजरा त्या दिवसापुरता माळ्यावर टाकून आली.

हे तुला कळवावं म्हणूनच एवढं लिहिलं. पाप लागतं की नाही, ते मला अजूनही सांगता येत नाही. पण पाणी देणं माझं काम आहे, ते मी दर वर्षी करीन. तू तुझं कर. मला मुलगा नाही म्हणून लोक हळहळतात; मी कधीच हळहळलो नाही. माझ्यामागे सर्वपित्रीला तू बस. बायकांनी तर्पण करू नये असं कोणी म्हणालं, तर सांग, अमरावतीच्या एका भटजीनेच सांगितलं आहे. आधी त्या उंदरांना दे, मग मला.

तुझाच,
अण्णा