मागची आठ पानं

॥ श्री ॥

देऊळगाव राजा
४ फेब्रुवारी १९६६

चि. सौ. शरयू हिस लक्ष्मीकांतदादाचे अ. उ. आ.

तुझ्याविरुद्ध एक गंभीर तक्रार आहे. तू माझी कादंबरी शेवटाकडून वाचलीस. दोनशे पानांचा संसार मी पदरमोड करून छापला, आणि तू मागच्या दारानं शिरून शेवटची आठ पानं तेवढी वाचलीस! या पातकावर प्रायश्चित्त सांगणारा ग्रंथ अद्याप माझ्या पाहण्यात नाही; सापडला की कळवीन.

त्या आठ पानांची कुळकथा ऐक. जालन्याच्या छापखान्याचे गुलाबराव म्हणाले की छपाईचा फर्मा सोळा पानांचा, तुमची कथा शेवटच्या फर्म्याच्या निम्म्यातच आटोपली. पानं कोरी सोडली तर गिऱ्हाइकाला पुस्तक फाटकं वाटतं, तेव्हा पुढच्या भागातलं काही टाका. मी तिथंच बाकावर बसून ‘पुढील भागाची वानगी’ लिहून दिली. बारा वर्षं बेपत्ता असलेला माणूस दिवेलागणीला घरी येतो, चपलेचा खिळा पायरीवर वाजतो, तो खाकरतो, कडीला हात घालतो, आणि पान संपतं.

खिळा आणि खाकरणं रमाकांतरावांचं आहे हे तुला कळणारच होतं. तुला आधी विचारायला हवं होतं, चुकलो. पण ती गोष्ट आहे गं. तुझ्या नवऱ्याचा ठावठिकाणा मला लागला असता, तर मी तो छापून कळवला असता का?

तुझ्या सासऱ्यांना नमस्कार. दादावर हवा तेवढा राग धर, माया मात्र आहे तेवढीच राहू दे.

लक्ष्मीकांत

॥ श्री ॥

जानेफळ
१२ फेब्रुवारी १९६६

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

गुन्हा कबूल. शिक्षा म्हणून पहिली दोनशे पानंही वाचली. तुझी नायिका दर पाच पानांनी रडते. तिच्या घरी भांडी घासायला दुसरं कोणी असावं.

आता खरं सांगते. यांना घरातून जाऊन येत्या फाल्गुनात बारा वर्षं होतात. मामंजींनी पळसाची पानं आणून माळ्यावर वाळत घातली आहेत. त्यांचा पुतळा करून यांच्या नावानं दहन करायचं, मग माझं कुंकू पुसायचं. माणूस वाईट नाही रे. परवा म्हणाले की पोरी, माह्या पोराले पानाचा करून जाळाले मले गोड वाटते काय? पन त्याचा जीव असा मधातच काऊन ठेवाचा? मी म्हटलं, ते येणार आहेत, दादानं छापलंय. मामंजी उठले. माळ्यावर चढून पानांवर पोतं तेवढं टाकून आले.

दादा, हसू नकोस. पुस्तक आल्यापासून रोज दिवेलागणीला आमच्या पायरीवर खिळा वाजतो. खाकरणं ऐकू येतं. कडी हलते. मग सगळं थांबतं, तू पान संपवलंस तिथंच. शेजारच्या रुखमाबाई म्हणाल्या की हाव बाई, म्याबी आयकलं, मले वाटलं वामनरावच घरी येऊन राह्यले. मामंजी तर तेव्हा माझ्या समोर बसले होते.

आणि सकाळी पायरीच्या कोपऱ्यात भिंतीशी रुपयाएवढी ओल असते, भिजलेली छत्री टेकवावी तशी. उन्हाळ्यातही छत्री घेऊन फिरणारा मेहुणा म्हणून तू यांना किती हसायचास!

पुढचं प्रकरण लवकर लिही. ते दाराशी ताटकळलेत. तुला जमत नसेल तर कडी काढायला मी आहे.

वहिनींना नमस्कार. धाकटीवरचा जीव आहे तसाच असू द्यावा.

तुझी शरयू

॥ श्री ॥

देऊळगाव राजा
१७ फेब्रुवारी १९६६

चि. सौ. शरयू हिस आशीर्वाद.

आज चेष्टा नाही. मला ताप आहे, वैद्य गाडीत बसू देत नाहीत. म्हणून हे पत्र टपालात न टाकता शेजारच्या सहदेवच्या हाती देतो आहे. तो दुपारच्या गाडीनं मेहकरला चाललाय, तिथून दिवेलागणीच्या आत तुझ्याकडे पोचेल.

पुढचं प्रकरण लिहून झालेलं आहे. पुस्तक बांधून यायच्या आधीच झालं. माझ्या पेटीत कोशाखाली ठेवलंय. तुझ्या वहिनीनंही ते पाहिलेलं नाही. वानगीत छत्री मी मुद्दाम गाळली होती, नाहीतर अख्ख्या जानेफळानं माणूस ओळखला असता. ती या पुढच्या प्रकरणाच्या पहिल्याच ओळीत आहे. आभाळ कोरडं असतं, आणि तो भिंतीशी टेकवतो ती छत्री ठिबकत असते. तुझं पत्र आल्यावर मी पेटी उघडून ती ओळ पुन्हा पाहिली. तशीच आहे. पानं फाडायला घेतली होती, पण हात धजला नाही.

वामनरावांना सांग, पानं झाकून ठेवू नका. दहनाचे मंत्र मी म्हणेन. तुझ्या कपाळाकडे पाहत ते कसे म्हणवतील ते मला ठाऊक नाही, तरी म्हणेन.

पुढचं प्रकरण तू मागितलंस, ते ऐक. ती कडी काढते. तो आत येत नाही. ती बाहेर जाते. सकाळी सासरा उठतो तेव्हा दार सताड उघडं असतं आणि छत्री भिंतीशी, कोरडी.

तुझ्या पायरीवर कोण येतं ते मला सांगता येणार नाही. रमाकांतराव असले तरी त्यांना दोन दिवस थांबू दे. बारा वर्षं आपण थांबलो. ताप उतरला की मी येतोच. एवढा लोभ दादावर ठेव.

आज संध्याकाळी तू कडी काढशील, याची मला फार भीती वाटते.

लक्ष्मीकांत