मोजणीवाल्यांचा पाहुणचार

कोपर,
रविवार, दुपारचे चार

तीर्थस्वरूप शेवंतीताईस धाकट्या काळूचा, पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

तुझे गुडघे काय म्हणतात? माझेही तेच म्हणतात, फक्त मी त्यांचं कौतुक करत नाही. फोन करणार होतो, पण फोनवर तू "बरं बरं" म्हणून ठेवून देतेस; पत्र निदान वाचावं तरी लागतं. तर मूळ गोष्ट आधीच सांगतो. बांधावरचं आपलं उंबराचं झाड जाणार. तिथून नवा रस्ता निघालाय. आणि तो रस्ता, ताई, तुझ्या भावानेच टेप धरून मोजून दिलाय.

हसू नकोस. समृद्धीला (माझी नात गं, मितेशची, तू बारशाला आलेलीस, नंतर नाहीच) गेल्या रविवारी पाहुणे बघायला यायचे होते. वेळ अकराची. साडेदहालाच तिघे दारात, इस्त्रीचे शर्ट, बगलेत फायली. म्हटलं, आले! पाय धुवायला पाणी दिलं, खुर्च्या मांडल्या. (सोबत तीन पायांचा स्टँड होता, तो मला फोटोवाल्याचा वाटला. हल्ली मुलगी बघायलाही फोटोवाला आणतात.) त्यातला मोठा साहेब विचारतो, जागा कुठून कुठपर्यंत, नावावर कोण कोण? सोयरीक जुळवताना आपल्यात दुसरं काय विचारतात! मला तर बरं वाटलं, माणसं रोखठोक दिसली. मी छाती काढून सांगितलं, ताडापासून खाडीच्या बांधापर्यंत आपलीच, आणि बहिणीचं नाव अजून सातबाऱ्यावर आहे, आम्ही बहिणीला तोडणारे नव्हे. दाखवता का म्हणाले. दाखवता का म्हणजे काय! टेपचं टोक मीच धरलं. उंबरापाशी थांबून सांगितलं, ताईच्या मांडवाची मेढ ह्याच झाडाची, बाबांनी आधी झाडाला हात जोडले, मग कोयता लावला, आणि नवरी हळदीच्या अंगाने बाहेर येऊन ओरडली, "बाबा, ती फांदी नको, तिच्यावर माझा झोपाला हाय!" साहेबाने सगळं ऐकून घेतलं आणि खोडावर लाल फुली मारली. मला वाटलं, झाड आवडलं.

मग रचनाने (सूनबाईने) तांदळाच्या भाकऱ्या आणि कोलंबीचं कालवण वाढलं. तिघेही पोटभर जेवले. मी हळूच विचारलं, पुढची बोलणी कधी? तर म्हणे, "काका, पुढची बोलणी हरकतींच्या सुनावणीत. पलीकडे तेवीस मजली टॉवर होतायत, माणसं जाणार कुठून?" तेवढ्यात खरे पाहुणे दारात, तेही दीड तास उशिरा! त्यांना रश्श्यात कोलंबी शोधावी लागली. (तरी मुलगी पसंत पडली. मुलाने तर साहेबालाच घरचा मोठा समजून वाकून नमस्कार केला.)

तेव्हापासून मी रोज त्या उंबराखाली जाऊन बसतो. आई-बाबा मिठागरातून यायची वाट आपण तिथेच बघायचो, आठवतं? मी रडायला लागलो की तू मला कडेवर घ्यायचीस आणि उंबर फोडून, आतले किडे फुंकून, माझ्या तोंडात घालायचीस. आईचे पाय मिठाने पांढरे झालेले असायचे. टॉवरवाल्यांना रस्ता हवा हे मला कळतं, त्यांचीही पोरं शाळेत जायची आहेत; आणि त्यांना जमिनी विकल्या आम्हीच. पण जीव तुटतो गं. झाड एकच उरलंय.

बाकी सगळे मजेत.

तुझा,
काळू

ता. क. रस्त्याला जागा द्यायच्या संमतीच्या कागदावर सही घ्यायला मितेश तुझ्याकडे वर्तकनगरला येईल. सही करू नकोस. मी सांगितलं हे मात्र बोलू नकोस.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवायला रचनाकडे दिलं, तिने पत्र वाचलं. म्हणते, "वीस वर्सं आत्या सांगतात, तुमच्या दारात रिक्षा येत नाय, मी कशी येऊ?" रस्ता झाला की रिक्षा थेट ओट्याला लागेल, मग काय सबब सांगशील? तेव्हा सही कर.

ता. क. तिसरा. पण त्याआधी ये. पुढच्या महिन्यात समृद्धीचा मांडव आहे, तिची मेढ त्याच झाडाची काढायची, आणि कुठली फांदी नको ते सांगायला तूच हवीस. रिक्षा नाक्यापर्यंत येते. तिथून तुला कडेवर आणीन. गुडघ्यांचं वर लिहिलंय ते विसर.