पालथी घातलेली अक्षरे

रविवार, ५ जानेवारी २०२५

स्वस्ति! संस्कृताध्यापकशिरोमणी, कर्जतनगरीभूषण, वाचनालयाच्या कार्यकारिणीचे मताधिकारविरहित निमंत्रित सदस्य, रक्तशर्करानियंत्रणव्रती, मालतीप्राणनाथ (हे बिरुद विवाद्य) असे जे आम्ही, त्या आम्ही आज परसात इतिहास उलथवला! म्हणजे उलथवला नागू गवंड्याने. आम्ही खुर्चीवरून मार्गदर्शन केले.

सांडपाण्याचा पाइप तुंबला होता. नागूने पहार लावून धुण्याचा दगड उलटा केला आणि त्याच्या पोटाशी अक्षरे! खोल कोरलेल्या चार ओळी, खालच्या कडेला दगड तुटलेला.

"गुरुजी, ह्यो माज्या बापानंच पालथा घातलेला हाय. आनि दुसरा—"

"नागू, शांतता! ही ब्राह्मी आहे."

नागू गप्प बसला. विद्वत्सभेत असे बसावेच लागते.

मंगळवार, ७ जानेवारी

वाचन सिद्ध झाले. कोंडाण्याची लेणी येथून रिक्षाच्या अंतरावर, सबब लिपी ब्राह्मी. लेण्यांना श्रेष्ठी लोक दाने देत, सबब आशय श्रेष्ठीचे दान. एकही अक्षर ओळखीचे नाही, परंतु एवढ्याने पांडित्य अडत नाही.

वाचनालयाचे अध्यक्ष अनुपमराव हर्षभरित. दोन फेब्रुवारीस व्याख्यान. शाल, श्रीफळ!

मालतीचे मत निराळ्या शास्त्रातले — "अहो, अक्षरांच्या बाजूनं कॉलरचा मळ काय निघतो हो!"

मंगळवार, १४ जानेवारी

सुलेमानमियाँ तिळगुळास आले. शिळफाट्यावर त्यांचे फरशांचे दुकान. तरुणपणी वीस वर्षे मुंबईत फोर्टात नोकरी. परसात हात धुवायला गेले ते तिथेच उकिडवे बसले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"मास्तर, ह्ये ब्राह्मी नाय. आर्मेनियन हाय."

"कशावरून?"

"फोर्टात नोकरीच्या जागेजवळ त्यांचं चर्च होतं. आवारातल्या दगडांवर असलीच अक्षरं. तिथंच बसून डबा खायचो रोज."

"मियाँ, आपला विषय फरशी."

"म्हनूनच सांगतोय. कबरीचा दगड मला कळतो."

बुधवार, १५ जानेवारी

त्यांना दोनदा तिळगूळ दिल्याचा पश्चात्ताप होत आहे.

रविवार, १९ जानेवारी

कन्या ऋजुता पुण्यास असते. आम्हांस न विचारता तिने दगडाचे छायाचित्र कोलकात्यास धाडले. तिथे एक वृद्ध आर्मेनियन बाई आपल्या लोकांच्या कबरींची नोंद ठेवतात. तासाभरात उत्तर! आर्मेनियनच. अक्षरांचेच आकडे असतात म्हणे, त्यांत पाचशे एक्कावन्न मिळवायचे. इसवी सन सतराशे चव्वेचाळीस. पुढे — "ही विश्रांतीची शिळा. इस्फहानच्या जुल्फा वस्तीतून आलेल्या..." आणि दगड तुटतो. नाव दुसऱ्या अर्ध्यावर. बाईंनी विचारले आहे, तो अर्धा कुठे आहे?

मालती बादली घेऊन उभी होती. बादली खाली ठेवली.

"कुणाच्या तरी उराशी बसून मी पंधरा दिवस तुमच्या कॉलरी घासल्या! कोण होती बिचारी?"

"होता. व्यापारी. वाणिज्यार्थ घाट चढणारा."

"बाई नसेल कशावरून? बायका मरत नव्हत्या का तेव्हा?"

स्त्रीसुलभ तर्क. दुर्लक्ष केले.

शुक्रवार, २४ जानेवारी

पाच दिवस हेच वाचतो आहे. अद्भुत माणसे, हे आर्मेनियन! इराणात इस्फहानास गेली, चर्चच्या भिंती छतापर्यंत चित्रांनी भरल्या. व्हेनिसजवळच्या बेटावर मठ आणि छापखाना. जेरुसलेमात अख्खा मोहल्ला. सुरतेत दफनभूमी, कोलकात्यात चर्च आणि शाळा. मद्रासेत तर आपल्या भाषेतले जगातले पहिले नियतकालिक काढले! (आमच्या वाचनालयाचा वार्षिक अंक दोन वर्षे रखडला आहे.) जिथे गेली तिथे आपली नावे दगडावर कोरून ठेवली. आणि एक नाव आमच्या मोरीत येऊन तुटले.

अनुपमरावांचा फोन. "पत्रिका छापून आल्यात, 'ब्राह्मी शिलालेखाचे शोधकर्ते'! आता मागं कसं येणार? आर्मेनियन इथं तपासतंय कोण?"

खरेच, कोण?

शनिवार, १ फेब्रुवारी

मौन की सत्य? मौनाबरोबर शाल येते.

मालती कपडे यंत्रात धुते. कॉलरी मळकट. आम्ही तक्रार केली नाही.

रविवार, २ फेब्रुवारी

मंगलाचरणाचे दोन श्लोक रचून नेले होते. उभा राहिलो, समोर सुलेमानमियाँ दिसले, श्लोक विसरलो. मग एकदाचे बोललो — "दगड ब्राह्मी नाही. मला तो वाचता आला नव्हता. सुलेमानभाईंना ओळखता आला. कबरीचा आहे, अर्धा आहे, आणि उरलेला अर्धा कुणाला ठाऊक असेल तर सांगावं."

अनुपमरावांनी शालीची पुन्हा घडी केली. तेवढ्यात मागून नागू —

"गुरुजी, मी तवाच सांगत व्हतो! दुसरा अर्धा ह्यो काय, तुमच्या लायबरीची पायरी! अक्षरांवर पाय पडू नये म्हनून बापानं दोनी दगड पालथे घातले. देवाची अक्षरं हायेत म्हनायचा."

साऱ्या सभेने दाराकडे पाहिले. अठ्ठावीस दिवसांपूर्वी त्या माणसाला एक वाक्य पुरे करू दिले असते तर!

श्रीफळ मात्र मिळाले. ते आधीच फोडले गेले होते.

शनिवार, ८ फेब्रुवारी

पायरी निघाली. अक्षरे जशीच्या तशी. कोलकात्याहून उत्तर — "...खोजा (म्हणजे बडा व्यापारी) पेत्रोसची पत्नी मरियम. पतीच्या मागून निघाली होती, घाटापाशी थांबली. वाचणाऱ्या, हिची आठवण काढ."

मालतीने दोन्ही तुकडे जुळवून ओल्या फडक्याने पुसले. "म्हटलं होतं ना," असे ती म्हणेल म्हणून मी थांबलो होतो. "मरियम," एवढेच म्हणाली.

वाचनालयाचे दार आता जमिनीपासून दीड फूट वर आहे. नव्या पायरीचा ठराव कार्यकारिणीपुढे पडून आहे, आम्हांस मत नाही, आणि आमचा उजवा गुडघा अर्धा फूटही मानत नाही!