२०१८च्या बाजूने एक दाणा

टाम्पेरे,
मंगळवार, २ जानेवारी २०२४

प्रिय ओइवा,

नव्या वर्षाच्या शुभेच्छा. गुडघा कसा आहे? इथे पारा उणे वीसवर गेलाय, जिन्यातला दिवा पुन्हा बंद पडलाय आणि पीर्कोने तुझ्यासाठी वेलचीचे बन बाजूला ठेवलेत. "तो येईपर्यंत दगड होतील," मी म्हटलं. म्हणाली, "बरंच झालं, नवऱ्याच्या डोक्यात घालता येतील."

शनिवारी ग्रंथालयाच्या तळघरात आपल्या मंडळाची सभा. नियम तोच: वर्ष पाच वर्षं मुरू द्यायचं, मग रोल-प्लेइंग व्हिडिओ गेमसाठी ते दमदार होतं की नाही यावर दोघांनी भांडायचं आणि बाकीच्यांनी दोघांपैकी एकाच्या पेल्यात कॉफीचे दाणे टाकून कौल द्यायचा. यंदा पाळी २०१८ची. बाजूने तू, विरोधात मी.

डिसेंबरच्या तयारीच्या बैठकीत मी गरजलो होतो, "त्या वर्षातला एकही गेम शेवटपर्यंत खेळायच्या लायकीचा नव्हता!" टाळ्या पडल्या. तू टोपी घातलीस आणि अर्धा बन ताटलीत टाकून निघून गेलास. मंडळी म्हणाली, "ओइवाला हरणं झेपत नाही." मी हसलो. मी हसलो, ओइवा.

मुद्दे आजही तयार आहेत. जुनंच नव्याने रंगवून विकलं, नकाशे फुगवले, कथा उपाशी ठेवल्या! यातला शब्दही मी मागे घेत नाही.

पण मंडळाला एक गोष्ट मी कधीच सांगितली नाही. २०१८च्या मार्चमध्ये मला मेंदूचा झटका आला आणि वाचा गेली. तीस वर्षं कागद गिरणीच्या फाटकावर सभा गाजवलेला माणूस जेवताना मीठ मागू शकत नव्हता. सगळ्यांना वाटलं, मी तळ्याकाठच्या कॉटेजवर आहे. मी तसंच वाटू दिलं. लाज वाटत होती.

तू दर मंगळवारी यायचास आणि त्याच वर्षी आलेला तो होडीवाल्याचा गेम लावायचास. पडद्यावर चार उत्तरं यायची, राक्षस तलवार उगारून आपल्या निर्णयाची वाट बघत उभा. मी बोटाने उत्तर दाखवलं, की तू कंट्रोलर मांडीखाली सरकवायचास. "बोट नको. वाच." मी उशी फेकायचो. "फेक, फेक. राक्षसाला घाई नाही, मला तर मुळीच नाही."

सातव्या मंगळवारी मी वाचलं, "थांबा, मला बोलायचं आहे." पीर्को स्वयंपाकघरातून धावत आली. आणि तू बटण दाबताना चुकून भलतंच उत्तर निवडलंस! होडी बुडाली. साठवलेल्या जागेपासून पुन्हा सुरुवात, ते वाक्य मला पुन्हा म्हणावं लागलं. आज लिहिताना पहिल्यांदाच शंका येतेय, ते चुकून नव्हतंच.

त्याच वर्षी नाताळच्या आठवड्यात आपण तो गेम संपवला. शेवटपर्यंत. तू परत मिळवून दिलेल्या जिभेनेच मी तुझ्यासमोर ते वर्ष धुळीला मिळवलं. त्या एका वर्षात मला जे मिळालं, ते आयुष्यभराच्या भाषणांनी दिलं नव्हतं. हे तुला पाच वर्षांपूर्वीच सांगायला हवं होतं.

शनिवारी मी विरोधातच उभा राहीन, नाव दिलंय. पण माझं पहिलं वाक्य होडीवाल्याचं असेल, आणि पुढे मार्चपासून सगळं सांगेन. मग माझा दाणा समोरच्या पेल्यात. मी हरायला उभा राहतोय, बघायला ये. अडखळलोच, तर "वाच" म्हणणारं कुणीतरी समोर हवं.

तू बोलता केलेला,
आर्नो