बोक्याची उन्हाळी

नाना दुपारी शिंदखेड्याच्या घरी आले, तर ओट्यावर धण्याच्या पाण्याच्या पेल्याखाली लेकीची, किरणची, चिठ्ठी दबलेली.

"नाना, सरदारला घेऊन धुळ्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे जाते. सकाळपासून तो दहादा राखेच्या घमेल्यात बसला, कण्हला, पण राख कोरडीच. तुम्ही म्हणालात, बोक्याला उन्हाळी लागली, धण्याचं पाणी पाज. ही उन्हाळीची जळजळ नाही, लघवी तुंबली आहे. ओटीपोट चेंडूसारखं टणक लागतं. बोक्यांचा मार्ग अरुंद असतो, वाट पाहत बसलं तर जीव जातो. म्हणून तुम्हाला विचारायला थांबले नाही. फोनवर डॉक्टर म्हणाले, बरोबर ओळखलंस, लगेच आण. भाजी झाकून ठेवली आहे. धण्याचं पाणी तुम्हीच प्या, ऊन फार आहे."

पोरीने पशुवैद्यकीच्या डिप्लोमाला नाव घातलं, तेव्हा नाना महिनाभर तिच्याशी बोलले नव्हते. आता 'बरोबर ओळखलंस' एवढंच त्यांनी दोनदा वाचलं, पेला रिकामा केला आणि चिठ्ठी सदऱ्याच्या खिशात घातली.

शेजारच्या रुपचंदभाऊंनी अहिराणीत विचारलं, "पोर बोक्याले लिसन कुठे गयी?"

अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात नाना म्हणाले, "पेशंट लिसन धुयाले गयी."