षष्ठीची पंगत

॥ श्री ॥
करकंब, ता. ८ डिसेंबर १९३४

चि. प्रभा हीस वेणूमामाचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र पोचले. अक्का जाऊन महिना होत आला. तुझ्या आईच्या लहानपणावर मी दोन पाने लिहून धाडावीत, ती तू चर्चमधल्या स्मरणसभेत वाचणार, अशी तुझी मागणी. वर मजकूरही तूच पुरवतेस: ‘कुटुंब, ख्रिस्ती मंडळी व समाजसेवा यांस वाहून घेतलेली.’ पोरी, हा अंगरखा कोणत्याही मेलेल्या बाईला बसतो. मला आठवते ती ज्वारी निवडणारी अक्का. मी ओसरीवर पाठ म्हणायचो आणि ती आतून, सुपावरची नजर न काढता, माझ्या चुका काढायची. पाठशाळेत गुरुजी एक, घरी दुसरे.

पाच कागद फाडले. वर्गात सुभाषित सांगताना मध्येच थांबतो. मुलांना वाटते, मास्तर अर्थ विसरले. तुला ठाऊक नाही ते सांगितल्यावाचून लेखणी हलत नाही, म्हणून सांगतो. अक्काने तुझ्या वडिलांबरोबर बाप्तिस्मा घेतला, त्या वर्षी मार्गशीर्ष वद्य षष्ठीला आमच्या वडिलांनी ती मेली असे धरून तिचे उत्तरकार्य केले. भटजी कचरले, तेव्हा सतरा वर्षांचा एक विद्वान पुढे झाला. मंत्र त्याने म्हटले, दक्षिणेकडे तोंड करून पाण्याचा घडाही त्यानेच उपडा केला. तो मी.

वडील गेल्यावर बारा भाऊबिजा तुमच्या ओट्यावर येऊन बसलो, पाण्याचा थेंब न घेता उठलो. अक्काला यातले काही माहीत नव्हते, एवढाच मला आधार. जिवंतपणी जिला मेलेली ठरवली, तिच्यावर आता मी काय लिहू? दुसरा लेखक पाहा.

हे वाचून लोभ उरला तर कळव. न उरला तरी कळव.

तुझा
वेणूमामा


सोलापूर, ता. १४ डिसेंबर १९३४

ती. वेणूमामांस प्रभाचा सा. न. वि. वि.

दोन दिवस तुमच्यावर इतकी रागावले होते की शाळेत फळ्यावर खडू मोडत होते. उत्तर द्यायचेच नाही, असे ठरवले होते. पण ती तिथी डोक्यातून जाईना.

दरसाल मार्गशीर्षात आई शेजारी पंचांग विचारायला जाई, आणि वद्य षष्ठीला गिरणीतल्या बायकांना ओट्यावर जेवायला बोलावी. भाकरी, वांग्याची भाजी, गव्हाची खीर. मला वाटे, आईचा वाढदिवस. पाळकसाहेब विचारीत की ख्रिस्ती बाईला तिथी कशाला हवी. आई म्हणे, तिथी ज्यांनी दिली त्यांची. मी नुसती वापरते.

शेवटी केराबाईंना विचारले. त्या गिरणीत कामाला आहेत. चाळिशी उलटल्यावर आईकडे अक्षरे गिरवली. आधी खूप हसल्या, मग पदर डोळ्याला लावला. म्हणाल्या की पोरी, ते बाईंचं सराद हाय की, तुला ठावं न्हाय व्हय? बाईच म्हनायच्या, घरच्यांनी माजं सराद घातलं पर जेवाय कुनालाच घातलं न्हाय. उपाशी सराद बरं न्हवं, म्हनून मीच घालते.

मामा, त्या दिवशी आई तुमच्या परसाच्या भिंतीपलीकडे उभी होती. आजीला एकदा पाहावे म्हणून आली होती. तिने सगळे ऐकले. केराबाईंना ती सांगे की भावाचा आवाज कापत होता, पण जन्मात पहिल्यांदा त्याचे एक अक्षर चुकले नाही, तेव्हा त्याचे पान मांडायलाच हवे. भिंतीकडेला दरवर्षी एक पान वाढून ठेवलेले असे. मला वाटे, ते प्रभूसाठी.

यंदा षष्ठी नाताळाच्या दुसऱ्या दिवशी येते. पंगत होणारच. केराबाई म्हणतात की आता तर लई मान्सं येतील. भिंतीकडचे पान मांडायचे की नाही, ते तुम्ही सांगा. माझा राग अजून गेलेला नाही, पण पोस्टमनची वाट पाहते आहे.

आपली
प्रभा


॥ श्री ॥
करकंब, ता. १९ डिसेंबर १९३४

चि. प्रभा हीस अनेक आशीर्वाद. राग पोचला, तो माझाच होता, ठेवून घेतला.

तिला ठाऊक होते. भाऊबिजेला मी ज्या ओट्यावरून कोरडा उठायचो, त्याच ओट्यावर दीड महिन्याने माझे पान वाढले जायचे. आणि उच्चार शुद्ध होते म्हणे! आयुष्यात अक्काकडून मिळालेली एवढी एकच शाबासकी, तीही त्या कामाबद्दल.

तुझ्या मामीला सांगितले. तिचे म्हणणे, तिथे जेवलात तर गावात तुमच्या पानाला कोणी पान लावणार नाही, आणि आमच्या शकुंतलेच्या सोयरिकीचे बोलणे चालले आहे ते मोडेल. मुद्दे दोन्ही खरे. शास्त्रात उत्तर शोधले. शास्त्र मामीच्याच बाजूचे निघाले. दोन दिवस अंगणात येरझाऱ्या घातल्या. आज सकाळी तिने सांडग्या मिरच्या फडक्यात बांधून माझ्या पिशवीत ठेवल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाली की वन्संना आवडायच्या.

लेख लिहिलेला नाही. सभेत कोणी विचारले तर सांग की बाईंचा भाऊ लेख देत नाही, जेवायला येतो.

मंगळवारी निघतो, बुधवारी दुपारी पोचेन. माझे पान भिंतीकडेला नको, केराबाईंच्या शेजारी मांड. आणि बसल्याबरोबर पाणी दे. घडाभर पाणी तिच्या नावाने मी एकदा सांडले आहे. या खेपेस तांब्याभर पिऊन घेईन.

लोभ आहे असे धरूनच येतो.

तुझा
वेणूमामा